कुसुंबखोरे स्टेशनातली मानाची खुर्ची

एका जंगलात एक रेल्वे स्टेशन होतं.

हसू नका, मुलांनो. जंगलात स्टेशन कशाला, असंही विचारू नका. जंगलात समित्या असतात, ठराव असतात, सत्कार असतात. मग स्टेशननंच काय घोडं मारलंय?

स्टेशनचं नाव कुसुंबखोरे. ते पांढऱ्या अस्वलांनी बांधलं होतं. ही अस्वलं फार लांबून, बर्फाच्या देशातून आली होती. ती आली, त्यांनी रूळ टाकले, जंगलातलं सागवान उचलून न्यायला सुरुवात केली, आणि नेता नेता दम खायला म्हणून मध्येच हे स्टेशन बांधलं.

काळ्या दगडाच्या भिंती. दारांना आणि खिडक्यांना कमानी. छपराच्या कडेला लाकडाची कोरीव झालर. फलाटावर टांगलेला रुळाचा एक तुकडा. तो हातोड्यानं बडवला की समजायचं, गाडी येतेय.

छप्पर इतकं उतरतं होतं की त्यावरून खारसुद्धा घसरायची. का, तर बर्फ साचू नये म्हणून. कुसुंबखोऱ्यात उन्हाळ्यात दगडावर पापड भाजायचे. तिथे बर्फ कुणी पाहिलाच नव्हता. वेटिंग रूमच्या भिंतीत शेकोटीसाठी कोनाडा होता आणि वर धुराडं. त्या धुराड्यात पारवे राहायचे.

पण स्टेशन सुंदर होतं. ते नाकारण्यात अर्थ नाही. उतरत्या उन्हात कमानींच्या सावल्या फलाटावर पडल्या की भांडत असलेले प्राणीसुद्धा क्षणभर गप्प बसायचे.

पुढे पांढरी अस्वलं आपल्या देशात परत गेली. आबासाहेब गवे सांगायचे की त्यांना आपणच हाकललं. तेव्हा आबासाहेब पाळण्यात होते. पण आबासाहेब वयानं मोठे, त्यामुळे हिशेब कुणी करत नसे.

तर आता आबासाहेबांविषयी. हे रानगवे. भले थोरले, काळेकुळकुळीत, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. ते कुसुंबखोरे स्टेशन वारसा जतन समितीचे अध्यक्ष होते. समितीत आणखी दोघे होते. एक घुबडगुरुजी, इतिहासाचे जाणकार. ते दिवसभर डोळे मिटून असायचे, त्याला सगळे चिंतन म्हणायचे. दुसरे चिटणीस, कासवतात्या. ते प्रत्येक ठरावाला अनुमोदन द्यायचे. सूचक बोलून खाली बसला की तात्यांची मान हळूहळू बाहेर यायची, हलायची आणि पुन्हा आत जायची.

ही समिती स्टेशनच्या टोकाच्या खोलीत बसायची. सगळ्या स्टेशनात तीच एक खोली गार होती. जाड भिंती, उंचावर एक छोटी झरोक्याची खिडकी, खाली जाजम. कोपऱ्यात दोन पायऱ्यांचा दगडी चौथरा होता. त्यावर आबासाहेबांची खुर्ची होती. इतरांच्या खुर्च्या खाली जमिनीवर. "अस्वलांनी हा चौथरा अध्यक्षांसाठीच बांधला असणार," असं घुबडगुरुजींनी एकदा चिंतनातून जागं होऊन सांगितलं होतं. तेव्हापासून त्या खुर्चीला मानाची खुर्ची म्हणत.

समितीचं काम काय? तर स्टेशन जसंच्या तसं ठेवणं. फलाटावर कुणी बाक मागितला, तर समिती म्हणायची, मूळ आराखड्यात बाक नाही. कुणी माठ मागितला, तर मूळ आराखड्यात माठ नाही. मूळ आराखडा कुणी पाहिला होता? कुणीच नाही. पण तो आबासाहेबांना पाठ होता.

आणि एक सांगायचं राहिलं. समितीतला एकही सदस्य कधी गाडीनं कुठे जात नसे.

गाडीनं जायच्या त्या दुसऱ्याच. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या हरिणी. नदीपलीकडच्या दवाखान्यात काम करणारी मुंगसं. बाजाराला जाणारी साळूमावशी.

साळूमावशी ही सायाळ. पाटीभर करवंदं घेऊन ती रोज सकाळी फलाटावर येऊन बसायची. गाडी छोटी, डबे छोटे, त्यात कसलीच सोय नाही. गाडीची वेळ सकाळची, पण गाडी यायची तिच्या मनाला येईल तेव्हा. म्हणून मावशी उठल्यापासून पाण्याचा घोट घेत नसे.

नर मंडळींचा प्रश्न नव्हता. ती स्टेशनच्या मागच्या भिंतीकडे जायची. भिंतही वारसाच होती, घडीव दगडाची. तिच्यावर कुणी खिळा ठोकला असता तर समितीनं आकाशपाताळ एक केलं असतं. बाकी जे होत होतं त्याबद्दल समितीचं काही म्हणणं नव्हतं.

माद्या मात्र पाणी न पिता बसायच्या. "तोंड धुतलं, चूळ भरली, झालं," असं एकमेकींना सांगायच्या. त्यांच्या आयांनीही असंच केलं होतं. आज्यांनीही.

आता मंजुळा. ही भेकरी. भेकर भुंकतं, हे तुम्हाला माहीत आहे ना? माहीत नसेल तर मोठ्यांना विचारू नका, त्यांनाही माहीत नसतं. दिसायला हरणाच्या जातीचं, पण आवाज काढला की आख्खी टेकडी दचकते. आईबापांनी पोरीचं नाव मंजुळा ठेवलं होतं, काहीतरी आशा धरून. मंजुळा नदीपलीकडच्या कॉलेजात बांधकाम शिकत होती. ती साळूमावशीच्या शेजारी बसून गाडीची वाट पाहायची.

"मावशी, ओठ बघ किती सुकलेत. घे, एक घोट घे."

"नको गं बाई. अजून गाडीचा पत्ता नाही. मग कुठं जाऊ, तुझ्या घरी?"

"डॉक्टरांनी काय सांगितलंय तुला?"

"भरपूर पाणी प्यायचं. त्यांचं काय जातंय सांगायला? त्यांच्या दवाखान्यात चांगली सोय आहे."

त्या दिवशी गाडी नेहमीपेक्षा उशिरा निघाली होती. ऊन चढलं. फलाटाचा दगड तापला. मंजुळा पुस्तक वाचत होती, तेवढ्यात शेजारी करवंदांची पाटी उलटली. साळूमावशी आडवी पडली होती. काटे सगळे मिटलेले. डोळे अर्धवट उघडे.

हरिणी धावल्या. कुणी वारा घातला, कुणी पाणी शिंपडलं. आवाज ऐकून समितीही बाहेर आली.

"अरेरे," आबासाहेब म्हणाले. "तिला जरा उचलून ठेवा. काट्यांनी फरशीवर चरे पडतील. मूळ फरशी आहे ती."

कासवतात्यांची मान बाहेर आली, हलली आणि आत गेली.

मावशी शुद्धीवर आली. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते म्हणजे पाण्याचा पेला बाजूला सारला. "गाडी यायची आहे," ती म्हणाली.

मंजुळा थेट समितीच्या खोलीत गेली.

"आबासाहेब, स्टेशनवर बायकांसाठी संडास हवा."

घुबडगुरुजींचा एक डोळा उघडला.

"हा शब्द," आबासाहेब म्हणाले, "या खोलीत आजपर्यंत उच्चारला गेला नव्हता."

"मग आजपासून उच्चारू. कुठे बांधायचा? मागे मोकळी जागा आहे."

"अगं पोरी, हा वारसा आहे. याला धक्का लावता येत नाही. मूळ आराखड्यात तसलं काही नाही."

"साळूमावशी आत्ता मरता मरता वाचली."

"तिला आम्ही लहानपणापासून बघतोय. काटक आहे. तुमच्या आया, आज्या याच फलाटावरून गेल्या. त्यांनी कधी तोंडातून ब्र काढला नाही. सवय होते माणसाला."

"आपण माणूस नाही, आबासाहेब."

"बोलण्याची पद्धत बघा," घुबडगुरुजी म्हणाले. "कॉलेजात हेच शिकवतात वाटतं."

"तुला इतकं वाटतं ना," आबासाहेब समजुतीनं म्हणाले, "मग घरून निघताना उरकून यावं. साधी गोष्ट आहे. नियोजन म्हणतात त्याला."

मंजुळा बाहेर आली. ती इतक्या जोरात भुंकली की धुराड्यातले सगळे पारवे एकदम उडाले.

मग ती स्टेशनभोवती फिरू लागली. राग आला की बसवत नाही, एवढंच कारण. पण बांधकाम शिकणाऱ्या पोरीचे डोळे रागातही रिकामे राहत नाहीत. कमानी झाल्या, खांब झाले, मागची ती पूज्य भिंत नाक दाबून झाली. टोकाच्या खोलीबाहेर आली आणि ती थांबली.

जोत्याच्या दगडात एक भोक होतं. नीट घडवलेलं, खाली पन्हळ कोरलेली. पन्हळीतून दगडी मोरी निघत होती. मोरी गवताखालून थेट लांबच्या झाकलेल्या खड्ड्यापर्यंत जात होती. भिंतीला लागून पाण्याचा हौद होता, पाचोळ्यानं भरलेला. हौदातून एक नळी आत शिरत होती. आणि वर, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, वारा येईल पण कुणाला आत डोकावता येणार नाही अशी, ती छोटी झरोक्याची खिडकी.

कचेरी असती तर खिडकी एवढी उंच कशाला बांधतील? बैठकीच्या खोलीला मोरी कशाला लागते?

मंजुळा धावत आत गेली. कुणी काही म्हणायच्या आत तिनं जाजमाचं टोक उचललं. खालची फरशी एका बाजूला उतरती होती. पाणी वाहून जावं अशी. उतार चौथऱ्याकडे जात होता.

तिनं चौथऱ्याकडे पाहिलं. दोन पायऱ्या. वर लाकडी फळ्या. फळ्यांवर जाजम. जाजमावर खुर्ची. खुर्चीवर आबासाहेब.

"आबासाहेब," मंजुळा म्हणाली, "जरा उठता का?"

"का?"

"तुम्ही अस्वलांच्या मडमेच्या संडासावर बसलाय."

आबासाहेब उठले. इतक्या चपळाईनं ते कित्येक वर्षांत उठले नव्हते. जाजम बाजूला सारून फळीच्या फटीतून तिघांनी आळीपाळीनं पाहिलं. खाली दगडात कोरलेलं गोल भोक होतं. वाद घालायला जागाच नव्हती.

"मूळ आराखड्यात आहे!" मंजुळा ओरडली. "तुम्हीच म्हणता ना, सगळं जसंच्या तसं हवं? चला. जाजम गुंडाळा, खुर्ची काढा, हौद भरा. संध्याकाळच्या गाडीआधी होईल."

समितीनं तिला बाहेर थांबायला सांगितलं. आत पुष्कळ वेळ कुजबुज झाली. मग दार उघडलं. घुबडगुरुजींचे दोन्ही डोळे उघडे होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"वारसा दोन प्रकारचा असतो," गुरुजी म्हणाले. "एक दगडाचा. दुसरा परंपरेचा. अस्वलांनी ही खोली कशासाठी बांधली, हा झाला दगडाचा वारसा. पण गेली कित्येक वर्षं समिती इथे बसते आहे. हे बसणं हा आता जिवंत वारसा झाला आहे. दगडापेक्षा जिवंत वारसा श्रेष्ठ. म्हणून समितीच्या बसण्यात कोणताही बदल करता येणार नाही."

"अनुमोदन," असं कासवतात्यांच्या मानेनं सांगितलं.

"राजधानीहून पाहणीला अधिकारी येणार आहेत," आबासाहेब म्हणाले. ते पुन्हा खुर्चीवर बसले होते, पण जरासे पुढे सरकून. "स्टेशनला वारशाचा दर्जा मिळणार. त्यात आता समितीच्या बसण्यालाही मिळेल. तेव्हा पोरी, थोडा मोठ्यांचा मान राखायला शीक."

मंजुळाचं तोंड भुंकण्यासाठी उघडलं. मग मिटलं. ती आबासाहेबांकडे पाहत राहिली.

मुलांनो, तरुण पोर मोठ्यांसमोर अचानक गप्प झाली, की मोठ्यांनी घाबरायला हवं. पण मोठे घाबरत नाहीत. त्यांना वाटतं, पटलं.

"चुकलंच माझं," मंजुळा म्हणाली. "मान राखायला हवा."

"आली, पोरगी वळणावर आली," आबासाहेब म्हणाले.

"पाहणीच्या दिवशी आम्ही सगळ्या जणी समितीचा सत्कार करू. चालेल?"

चालेल? सत्कार म्हटल्यावर कासवतात्यांची मान कुणी न सांगता बाहेर आली आणि बाहेरच राहिली.

"आणि गुरुजी, तुम्ही जिवंत वारसा आहात, तर मग वारशाचे नियम तुम्हालाही लागू करायचे ना? दोरी बांधायची, हात लावू नये अशी पाटी लावायची, जागेवरून हलवायचं नाही?"

"अर्थात," गुरुजी म्हणाले. "पाहणी पूर्ण होईपर्यंत कुणी जागेवरून हलता कामा नये. हललो, तर परंपरा खंडित होईल."

"मी नाही हलणार," आबासाहेब म्हणाले. "मी आजवर कधी हललो नाही."

पुढचे काही दिवस मंजुळा आणि तिच्या मैत्रिणी स्टेशनवर राबल्या. बाहेरची मोरी घासून लख्ख केली. झाकलेला खड्डा उपसून मोकळा केला. हौदातला पाचोळा काढला आणि नदीचं पाणी आणून हौद काठोकाठ भरला. आबासाहेब आत खिडकीखाली बसून त्यांचं बोलणं ऐकायचे आणि म्हणायचे, "आपल्या पाहणीसाठी केवढ्या झटतायत!"

पाहणीचा दिवस उजाडला. तिघेही अंघोळ करून, टोप्या घालून सकाळीच जागेवर बसले. त्यांच्याभोवती दोरी बांधली गेली. दाराबाहेर पाटी लागली: जिवंत वारसा. कृपया हलवू नये.

सत्कार सुरू झाला. शाल आणि श्रीफळ द्यायची पद्धत आहे, हे तुम्हाला माहीत असेल. मंजुळानं त्यात छोटासा बदल केला होता. श्रीफळाऐवजी शहाळं.

"नारळ काय, घरी नेऊन चटणी करायची," ती म्हणाली. "शहाळं म्हणजे ताजा मान. तो इथेच प्यायचा."

आबासाहेबांना हे फार आवडलं. पहिला सत्कार हरिणी महिला मंडळानं केला. तिघांना शाल, तिघांना शहाळं. तिघांनी गटागटा प्यायलं.

मग मुंगसांच्या लेझीम पथकानं केला. मग सशिणींच्या भजनी मंडळानं. मग दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांनी. मग कॉलेजच्या पोरींनी, वर्गावर्गानं वेगवेगळा. आणि सत्काराला नाही म्हणणं हे समितीच्या रक्तात नव्हतं. एकाचं शहाळं घेतलं आणि दुसऱ्याचं नाकारलं, तर दुसऱ्याला काय वाटेल?

"मास्तर," घुबडगुरुजींनी बसल्या जागेवरून हाक मारली, "गाडी कुठवर आली?"

स्टेशनमास्तर म्हणजे वानरमास्तर. ते झाडाच्या शेंड्यावर चढून पाहून आले. "दिसत नाही हो. लेट आहे."

"किती लेट?"

"ते गाडीला माहीत."

रानडुकरिणींचं मंडळ आलं. त्यांनी येताना मोठी मोठी शहाळी आणली होती.

"ठेवा बाजूला," आबासाहेब क्षीण आवाजात म्हणाले. "मग पितो."

"असं कसं?" मंडळाची अध्यक्षीण म्हणाली. "मुंगसांचं प्यायलात. आम्ही काय कमी आहोत का?"

आबासाहेबांनी प्यायलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. खांद्यावर शालींचा ढीग होता. एक पाय दुसऱ्या पायावर चढला, उतरला, पुन्हा चढला. गुरुजी डोळे घट्ट मिटून बसले होते. हे मात्र चिंतन नव्हतं. कासवतात्या पूर्ण आत गेले होते आणि आतून कसलासा बारीक आवाज येत होता.

"मंजुळा," आबासाहेब म्हणाले, "मी जरा मागच्या भिंतीकडे पाय मोकळे करून येतो."

"अगंबाई! असं कसं? परंपरा खंडित होईल ना."

"पटकन येतो."

"गाडी एवढ्यात आली तर? साहेब येतील आणि मानाची खुर्ची रिकामी. मग दर्जा कसला मिळतोय? नाही, आबासाहेब. मी तुम्हाला असं करू देणार नाही. मला तुमचा मान राखायचाय."

तेवढ्यात रांगेतून साळूमावशी पुढे आली. तिच्या हातात एकच छोटं शहाळं होतं. तिनं ते आबासाहेबांच्या पुढ्यात धरलं. आबासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पाणी आता जागा मिळेल तिथून वाट काढत होतं.

"साळू," ते म्हणाले, "आता नाही गं सहन होत."

"होतं, आबासाहेब," साळूमावशी अगदी मायेनं म्हणाली. "सवय होते. घरून निघताना उरकून यायचं. नियोजन करायचं."

लांब डोंगराआड गाडीची शिट्टी वाजली. आणि आबासाहेब उठले.

"काढा!" ते गरजले. "जाजम काढा! खुर्ची काढा! मूळ आराखड्यात आहे ते! जसंच्या तसं पाहिजे, जसंच्या तसं!"

खुर्ची त्यांनी स्वतःच शिंगांवर घेऊन भिंतीकडे भिरकावली. फळ्या निघाल्या. दोरी तुटली. मंजुळानं सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार अदबीनं ओढून घेतलं. आधी अध्यक्ष, मग इतिहासाचे जाणकार, मग चिटणीस, असा ज्येष्ठतेचा क्रम पाळला गेला. कासवतात्या दोन पायऱ्या वेळेत चढले की नाही, ते मी सांगणार नाही. त्यांनाही काही मान आहे.

हौदातलं पाणी खळाळत आलं. पन्हळीतून, मोरीतून, थेट खड्ड्यात गेलं. इतकी वर्षं बंद असूनही सगळं कसं सुरेख चाललं. अस्वलं होती दुष्ट, पण बांधकाम पक्कं करायची.

तेवढ्यात वानरमास्तरांनी रुळाचा तुकडा बडवला. गाडी आली. फर्स्ट क्लासच्या डब्यातून पाहणी अधिकारी उतरल्या. सगळ्यांना वाटलं होतं साहेब येणार. या होत्या बिबटेबाई. राजधानीपासून छोट्या गाडीतून आल्या होत्या, सकाळपासून.

आबासाहेब टोपी सावरत पुढे झाले. "बाईसाहेब, आपलं स्वागत! या कमानी पाहा, ही कोरीव झालर..."

"ते बघू," बिबटेबाई दातांवर दात दाबून म्हणाल्या. "आधी सांगा, इथे बायकांची सोय कुठे आहे?"

आबासाहेबांनी एक क्षणसुद्धा घालवला नाही.

"ही काय, इकडे!" ते म्हणाले. "आमच्या समितीनं खास जतन करून ठेवली आहे!"

बिबटेबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा एकदम शांत होता. मग त्यांनी झरोका पाहिला, उतार पाहिला, मोरी पाहिली. या लाइनवर मूळ संडास चालू स्थितीत असलेलं हे एकमेव स्टेशन आहे, असं त्या म्हणाल्या. कमानी तर सगळीकडेच असतात. त्यांनी तिथल्या तिथे दर्जा देऊन टाकला.

काही दिवसांत दारावर संगमरवरी पाटी लागली. 'आबासाहेब गवे यांच्या दूरदृष्टीतून साकार.' समिती वेटिंग रूममध्ये शेकोटीच्या कोनाड्यापाशी बसू लागली. तिथे गरम व्हायचं आणि पारवे अंगावर करायचे, पण बसण्याची परंपरा अखंड राहिली.

पाटीखाली आणखी एक गोष्ट लागली. कुलूप.

"आता तो दर्जाप्राप्त वारसा आहे," आबासाहेब म्हणाले. "असा रोज वापरून कसा चालेल? झिजेल. पाहणी असेल तेव्हा उघडू." किल्ली त्यांनी गळ्यात घातली होती.

फलाटावरच्या सगळ्या जणींनी मंजुळाकडे पाहिलं. आता ही भुंकणार.

मंजुळा भुंकली नाही. ती बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात एक शाल होती. तिच्यामागून साळूमावशी येत होती. मावशीच्या डोक्यावर नेहमीची पाटी होती, पण पाटीत करवंदं नव्हती.

"आबासाहेब," मंजुळा गोड आवाजात म्हणाली, "दर्जा मिळाल्याबद्दल तुमचा सत्कार करायचाय."

आबासाहेबांनी पाटीकडे पाहिलं. हिरवीगार, भरलेली, डुचमळणारी शहाळी. त्यांनी गळ्यातून किल्ली काढली आणि मुकाट्यानं पुढे केली.

त्या दिवशीही गाडी लेट होती. साळूमावशीनं पाटीतलं एक शहाळं घेतलं, फलाटाच्या कडेला पाय सोडून बसली आणि शेवटच्या थेंबापर्यंत सावकाश प्यायली. मग तिनं दुसरं घेतलं.

तात्पर्य: वडीलधाऱ्यांचा मान नेहमी राखावा, आणि ते खुर्चीवरून उठेपर्यंत राखतच राहावं.